ब्रेबॉर्नची वहिवाट

दक्षिण मुंबईत, चर्चगेट स्थानकापासून पायी थोड्याच मिनिटांच्या अंतरावर, तीन मैदाने अशी आहेत की ज्यांवर कसोटी क्रिकेटचे सामने खेळले गेले. आझाद मैदानाच्या कडेची बॉम्बे जिमखान्याची हिरवळ हे पहिले. हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना १९३३ साली तेथे झाला. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरील क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न स्टेडियम हे दुसरे; १९४८ पासून १९७३ पर्यंत मुंबईतील प्रत्येक कसोटी सामना त्याने पाहिला. रेल्वेच्या रुळांना लागून उभे असलेले वानखेडे स्टेडियम हे तिसरे. १९७५ साली ब्रेबॉर्नचा मान त्याच्याकडे गेला. एका शहराने एका खेळासाठी एवढ्या निकट तीन मैदाने का बांधावीत, या प्रश्नाचे उत्तर लोकसंख्येच्या वाढीत सापडत नाही. मैदानाचा धनी आणि मैदानावर हक्क सांगणारा यांच्यात वेळोवेळी वितुष्ट आले, आणि ज्याला दाराबाहेर थांबावे लागले त्याने हाकेच्या अंतरावर आपले दुसरे मैदान उभे केले, हे त्याचे खरे उत्तर आहे. जमिनीची मालकी सरकारी दप्तरात नोंदलेली असते; वहिवाट मात्र जे तेथे नित्य येतात, बसतात आणि जीव ओततात त्यांची असते. या दोहोंच्या ओढाताणीत ब्रेबॉर्न स्टेडियम जन्मास आले, वैभवास चढले आणि मागेही पडले. त्याची ही हकिगत आहे.

एस्प्लनेडवरील अर्जविनंत्या

मुंबईच्या कोटाबाहेरील एस्प्लनेड नामक मोकळ्या पटांगणावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पारशी तरुणांनी बॅट-चेंडू हाती घेतला, आणि १८४८ साली त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला. १८७५ साली युरोपियनांनी बॉम्बे जिमखाना स्थापन केला. त्यानंतर साहेब लोकांचा पोलो आणि देशी लोकांचे क्रिकेट यांची एकाच पटांगणावर गाठ पडली. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू सरळ उसळेना, तेव्हा पारशी क्रिकेटपटूंनी सरकारदरबारी अर्जामागून अर्ज गुदरले. या झगड्याची साद्यंत हकिगत शापूरजी सोराबजी या गृहस्थांनी १८९७ साली ग्रंथरूपाने लिहून ठेवली असून, मुंबईतील क्रिकेटचा इतिहास मैदानाच्या हक्काच्या तक्रारीपासून सुरू होतो, याचा तो लेखी पुरावा आहे. पुढे पारशी, मुसलमान व हिंदू या समाजांना सरकारने केनेडी सी-फेसवर स्वतंत्र जागा दिल्या आणि त्यांचे जिमखाने तेथे ओळीने उभे राहिले. तंटा मिटला, परंतु जातवार मैदाने आणि जातवार संघ ही व्यवस्थाही त्याच तडजोडीतून दृढमूल झाली.

मोठे सामने तरीही बॉम्बे जिमखान्यावरच होत. हिंदी माणसाला त्या संस्थेचे सभासदत्व बंद होते. तिच्या हिरवळीवर खेळण्यापुरती आणि तंबू-शामियान्यात बसून पाहण्यापुरती त्याला मुभा होती. याच हिरवळीवर डिसेंबर १९२६ मध्ये हिंदूंच्या संघाकडून खेळताना कर्नल सी. के. नायडू यांनी गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध अकरा षटकार मारून १५३ धावा केल्या आणि राज्यकर्त्यांशी त्यांच्याच खेळात बरोबरीने झुंजता येते, हा विश्वास हजारो माणसे घरी घेऊन गेली. सात वर्षांनी, १५ डिसेंबर १९३३ रोजी, तेथेच जार्डिनच्या इंग्लंड संघाविरुद्ध पहिला कसोटी सामना सुरू झाला. सामना हिंदुस्थानने नऊ गड्यांनी गमावला. परंतु पदार्पणातच लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या, तेव्हा मैदानाने जो जल्लोष केला त्याची आठवण पुढच्या पिढ्यांनी कथेसारखी सांगितली. ज्या वास्तूच्या अंगणात हा जल्लोष झाला तिच्या दारावर मात्र ते लोक परकेच होते. आपल्या देशाचा सामना आपल्या जागेत व्हावा, ही इच्छा त्या दिवसांत नुसती इच्छा राहिली नाही. तिला योजनेचे रूप आले.

भरावावरची जमीन

१९२८ साली क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, त्याचे पहिले अध्यक्ष ग्रँट गोव्हन आणि पहिले चिटणीस अँथनी डिमेलो. याच दोघांच्या पुढाकाराने १९३३ साली दिल्लीत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची नोंदणी झाली. इंग्लंडात लॉर्ड्सला जे स्थान आहे ते हिंदुस्थानात आपल्या क्लबाला मिळावे, अशी संस्थापकांची आकांक्षा होती. आणि क्रिकेटचे खरे पीठ मुंबई असल्याने मैदान मुंबईतच हवे, हेही त्यांनी ओळखले होते. जमीन कोठून आणावयाची हाच काय तो प्रश्न होता.

ती जमीन समुद्राने दिली. बॅकबेचा भराव ही मुंबईची फार जुनी हाव. १८६०च्या दशकात कापसाच्या तेजीत या भरावाच्या कंपन्यांचे भाग आकाशाला भिडले आणि १८६५च्या मंदीत कोसळले. पुढे १९२०च्या दशकात गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत सरकारनेच भराव हाती घेतला, तेव्हा त्यातील उधळपट्टीवर खुर्शेद नरिमन यांनी असे काही आसूड ओढले की ते प्रकरण देशभर गाजले. आज ब्रेबॉर्न स्टेडियमजवळून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला वीर नरिमन यांचेच नाव आहे. भरावातून निघालेले भूखंड १९३०च्या दशकात सरकारच्या हाती होते, आणि याच वेळी डिमेलो यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांची भेट घेतली. सरकारी तिजोरीत पैसा हवा की स्वतःच्या नावाला अमरत्व हवे, असा सवाल डिमेलोंनी लाटसाहेबांना टाकला, असे सांगितले जाते. तो संवाद अक्षरशः तसाच झाला असो वा नसो, सुमारे ९० हजार चौरस वार जमीन वारी साडेतेरा रुपये अशा सवलतीच्या दराने क्लबाच्या नावे झाली आणि स्टेडियमला गव्हर्नरांचे नाव मिळाले, ही मात्र दप्तरी वस्तुस्थिती आहे.

२२ मे १९३६ रोजी लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्या हस्ते कोनशिला बसली. आराखडा ग्रेगसन, बॅटली आणि किंग या प्रसिद्ध वास्तुविशारद संस्थेचा; बांधकामाचा ठेका शापूरजी पालनजी यांचा. जेमतेम दीड वर्षात, ७ डिसेंबर १९३७ रोजी, नवे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी स्टेडियमचे उद्घाटन केले आणि लॉर्ड टेनिसनच्या संघाविरुद्ध क्लबाचा सामना सुरू झाला. ज्यांचे नाव वास्तूला दिले ते ब्रेबॉर्न तोवर बंगालचे गव्हर्नर होऊन कलकत्त्यास गेले होते आणि १९३९ च्या फेब्रुवारीत तेथेच निवर्तले. अमरत्वाचा तो सौदा त्यांच्या बाबतीत पुरता फळास आला, कारण मुंबईच्या इतर किती गव्हर्नरांची नावे आज सामान्य माणसाच्या जिभेवर आहेत, हा विचार करून पाहण्यासारखा आहे.

वास्तू

दिनशा वाच्छा मार्गावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला येथे स्टेडियम आहे हे चटकन उमगत नाही. स्टँडांच्या पोटात, रस्त्याच्या बाजूला, दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. वर्दळ नेहमीच्या बाजारासारखी. शेजारच्या इमारतींची गोलाई, आडव्या पट्ट्या आणि गॅलऱ्या यांवर १९३०च्या दशकाची ठसठशीत मुद्रा आहे, आणि या साऱ्या परिसराशी स्टेडियमचे घराणे जुळते. आत पाऊल टाकताच मात्र शहर एकदम मागे हटते. समोर पॅव्हिलियन, त्याच्या पायाशी सभासदांची हिरवळ, तिच्यावर वेताच्या खुर्च्या. पलीकडे गोल मैदान आणि त्याला कवेत घेणारे उतरते स्टँड. सामना नसलेल्या दिवशी सकाळी येथे उभे राहिले तर खेळपट्टीवर सावकाश मागेपुढे जाणारा रोलर आणि गवतावर पाण्याचा फवारा सोडणारे माळी एवढीच हालचाल दिसते. पश्चिमेचा समुद्र डोळ्यांना दिसत नाही, परंतु त्याच्या वाऱ्याचा ओलसर हात गालाला लागतो आणि ही जमीन कोणाकडून मागून घेतली आहे, याचे स्मरण देतो.

या वास्तूत एक सोय अशी होती की तिचे कौतुक परदेशी खेळाडूंनी वर्षानुवर्षे केले. पॅव्हिलियनच्याच मजल्यांवर राहण्याच्या खोल्या असल्याने पाहुणा संघ मैदानावरच मुक्काम करी. सकाळी उठून सज्जात आले की खेळपट्टी नजरेसमोर, आणि कपडे करून जिना उतरले की थेट ड्रेसिंगरूम. एखाद्या सरदाराच्या वाड्यात पाहुण्याची बडदास्त ठेवावी तशी ती व्यवस्था होती, आणि या उपमेत या स्टेडियमच्या थोरवीबरोबर त्याची मर्यादाही येते. वाड्याला मालक असतो, मानकरी असतात, आणि रयत असते. ब्रेबॉर्नवर हिरवळीवरच्या वेताच्या खुर्च्या सभासदांच्या होत्या. उन्हातली लांबलचक बाके बाकीच्या मुंबईची होती.

पंचरंगी सामने

उद्घाटनाच्या वर्षीच पहिला खटका उडाला. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांच्या चौरंगी सामन्यांत १९३७ साली ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्या समाजांचा, हा पाचवा संघ दाखल झाला आणि हे पंचरंगी सामने नव्या स्टेडियमवर भरवण्याचे ठरले. परंतु कोणत्या जिमखान्याला किती आसने द्यावयाची, या प्रश्नावर क्लब आणि हिंदू जिमखाना यांचे जमले नाही, आणि त्या वर्षी हिंदूंचा संघ उतरलाच नाही. मैदानाच्या इतिहासातील पहिले पान आसनांच्या वाटपाने लिहिले गेले, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन येणार आहे.

जातवार क्रिकेटचा प्रश्न त्याहून खोल होता. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याच्या मंडळींनी वर्ध्यास जाऊन महात्मा गांधींचा सल्ला विचारला, तेव्हा खेळात जातिभेद आणणे आपल्याला मान्य नसल्याचे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि त्याही वर्षी हिंदूंनी माघार घेतली. तथापि सामने चालू राहिले आणि त्यांची लोकप्रियता तसूभरही घटली नाही. हे परस्परविरोधी वास्तव त्या काळाच्या मनःस्थितीचे यथार्थ चित्र आहे. ज्या रचनेला विवेक नाकारीत होता तिच्याच पोटात क्रिकेटचे अद्वितीय पराक्रम घडत होते.

डिसेंबर १९४३ मधील अंतिम सामना हा त्यांतला शिरोमणी. हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या आणि संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला. फॉलोऑन मिळून ते पुन्हा खेळावयास आले तेव्हा सांगलीचे विजय हजारे आणि त्यांचे बंधू विवेक यांची जोडी जमली. हजारे घराणे मराठी ख्रिस्ती असल्याने विजय हे रेस्टचे खेळाडू होते. या दोघा भावांनी ३०० धावांची भागीदारी केली, तीत विवेकचा वाटा अवघा २१ धावांचा. तासन् तास एका टोकाला चेंडू अडवीत धाकट्याने थोरल्याची सोबत केली; दुसऱ्या टोकाला विजय यांची बॅट शांतपणे चालत राहिली. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला, आणि तरी मुंबईच्या आठवणीत तो हजाऱ्यांच्या नावावरच राहिला. जाती-धर्माच्या नावाने भरलेल्या त्या मैदानाने प्रतिपक्षाच्या फलंदाजाला उभे राहून दाद दिली, यापरते पंचरंगीच्या कल्पनेचे खंडन कोणते? तीन वर्षांनी, १९४६ साली, ती स्पर्धाच बंद झाली.

त्यानंतर मैदानावर रणजी करंडकाचे राज्य आले. वस्तुतः ते आधीच सुरू झाले होते. मार्च १९४५ मधील मुंबई-होळकर अंतिम सामन्यात एकूण २०७८ धावा झाल्या. मुंबईकडून मर्चंट यांनी २७८ काढल्या. होळकरांकडून, त्या वेळी लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात असलेल्या डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या. आणि होळकरांचे नेतृत्व करीत होते पन्नाशीला टेकलेले सी. के. नायडू. ३७४ धावांनी मुंबई जिंकली. मुंबईकर फलंदाजाच्या ज्या ‘खडूस’ वृत्तीची पुढे देशभर ख्याती झाली, तिचे शिक्षण या मैदानाच्या खेळपट्टीवर, मर्चंटांच्या शाळेत झाले असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

सहा धावा

स्वातंत्र्यानंतर, डिसेंबर १९४८ मध्ये, वेस्ट इंडीजच्या संघाविरुद्ध ब्रेबॉर्नवर पहिला कसोटी सामना झाला. त्यात एव्हर्टन वीक्सच्या १९४ धावा झाल्या आणि फॉलोऑननंतर रुसी मोदी व हजारे यांनी शतके ठोकून सामना वाचवला. परंतु त्याच मालिकेतील पाचवा सामना फेब्रुवारी १९४९ मध्ये पुन्हा येथे झाला, आणि तो या मैदानाच्या अंतःकरणावर कोरला गेला.

मालिकेत भारत एका सामन्याने मागे होता, आणि भारताने तोवर एकही कसोटी सामना जिंकलेला नव्हता. अखेरच्या डावात विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. त्या काळी असे लक्ष्य कोणी मनातही आणीत नसे. हजारे आणि मोदी यांची शतकी भागीदारी झाली, हजारे १२२ वर बाद झाले, आणि नंतर गडी पडत असताही कोल्हापूरचे दत्तू फडकर एका टोकाला टिकून राहिले. वेस्ट इंडीजचे गोलंदाज आखूड आणि बाहेरचे चेंडू टाकीत होते, षटकांमधली उसंत लांबत होती, आणि घड्याळाचा काटा धावफलकाशी शर्यत लावीत होता. ८ बाद ३५५. सहा धावा हव्या. शेवटच्या षटकातला एक चेंडू उरला होता, वेळही दीडएक मिनिट शिल्लक होती. परंतु गोंधळात मोजणी चुकून पंचांनी वेळ संपल्याचा इशारा दिला आणि बेल्स उचलल्या. सामना अनिर्णीत राहिला.

त्या एका चेंडूवर षटकार बसलाच असता असे कोण म्हणेल? परंतु तो चेंडू टाकला गेला पाहिजे होता, ही हळहळ त्या दिवशी स्टँडातून उतरलेल्या माणसांनी आयुष्यभर जपली. भारताच्या पहिल्या कसोटी विजयाची वाट पुढे फेब्रुवारी १९५२ पर्यंत, मद्रासच्या सामन्यापर्यंत पाहावी लागली. मैदानाशी लोकांचे नाते विजयाने जडते हे खरे. पण हुकलेल्या विजयाने जे नाते जडते ते अधिक चिवट असते, कारण त्याचा हिशेब कधीच पुरा होत नाही.

दसरा आणि आग

पुढील वीस वर्षे ब्रेबॉर्नच्या ऐन भराची. नोव्हेंबर १९५२ मध्ये पाकिस्तानवर दहा गड्यांनी मिळवलेल्या विजयाने भारताची पहिली मालिका जिंकण्याची वाट मोकळी झाली, आणि त्याच सामन्यात विनू मंकड यांनी अवघ्या तेविसाव्या कसोटीत हजार धावा व शंभर बळी पुरे केले. डिसेंबर १९५५ मध्ये मंकडांनीच न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढल्या. मार्च १९६५ मध्ये भारताचा पहिला डाव ८८ धावांत कोसळला आणि फॉलोऑननंतर मडगावचे दिलीप सरदेसाई नाबाद २०० धावा करून परतले. सामना संपला तेव्हा न्यूझीलंडचेच आठ गडी ८० धावांत बाद झालेले होते. डिसेंबर १९६६ मध्ये क्लाइव्ह लॉइड नावाचा चष्मेवाला डावखुरा तरुण प्रथमच कसोटीत उतरला आणि दोन डावांत ८२ व नाबाद ७८ धावा करून गेला.

या साऱ्यांत १५ ऑक्टोबर १९६४ चा दिवस वेगळा काढावा लागतो. त्या दिवशी दसरा होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध विजयासाठी २५४ धावा हव्या असताना पतौडीचे नवाब अर्धशतक करून परतले आणि धावफलक ८ बाद २२४ झाला. पुण्याचे चंदू बोर्डे आणि यष्टिरक्षक इंद्रजितसिंहजी ही शेवटची भरवशाची जोडी. पंधरा वर्षांपूर्वीच्या सहा धावांची आठवण ज्यांना होती ती माणसे श्वास रोखून बसली होती. या वेळी चेंडू मोजण्यात चूक झाली नाही. बोर्ड्यांनी विजय खेचून आणला, भारत दोन गड्यांनी जिंकला, आणि लोकांनी सोने लुटावे तसा आनंद लुटला. ज्यांना तिकीट मिळाले नव्हते त्यांचेही कान इराण्याच्या हॉटेलातील रेडिओला लागलेले असत. पुढे बाळ ज. पंडितांनी आपल्या समालोचनाने हाच आनंद मराठीतून घराघरात पोचवला आणि स्टँडाची भिंत महाराष्ट्राच्या खेड्यांपर्यंत मागे सरकली.

परंतु जे नाते इतके उत्कट असते ते बिघडले की तितकेच दाहक होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच भारताचा दुसरा डाव ढासळत असताना वेंकटराघवन यांना यष्टीमागे झेलबाद ठरवण्यात आले. रेडिओवरील समालोचनातून त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त झाली, आणि ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसलेल्या स्टँडांत वणवा पेटला. बाटल्या आल्या, खुर्च्या मोडल्या, आगी लागल्या, धुराने मैदान झाकोळले. या कृत्याचे समर्थन कोणीही विचारी माणूस करणार नाही. तथापि त्याचा अर्थ लावणे हे लेखकाचे कर्तव्य आहे: ज्यांनी मैदान आपले मानले होते, त्यांना त्या मैदानाच्या कारभारात कोणताही आवाज नव्हता.

दुसरे स्टेडियम

स्टेडियम क्लबाचे, सामने भरवण्याचा अधिकार मुंबई क्रिकेट असोसिएशनचा. अशा दुहेरी अमलात तिकिटांच्या वाटपाचा तंटा वर्षानुवर्षे धुमसत होता. क्लबाचे सभासद आपल्या हिरवळीवरून हलणार नव्हते, आणि असोसिएशनला आपल्याशी संलग्न असलेल्या मैदानी क्लबांसाठी अधिक तिकिटे हवी होती. त्या काळी क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट आणि असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे. पहिले या मैदानाचे सर्वश्रेष्ठ फलंदाज, दुसरे विदर्भातून आलेले मुरब्बी राजकारणी आणि त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष. काही तरुण आमदारांना मदतनिधीसाठी सामना भरवावयाचा होता. त्यासाठी स्टेडियम मिळण्याची गोष्ट फिसकटली, आणि बॅरिस्टरांनी स्वतंत्र स्टेडियम बांधण्याचा निश्चय केला, ही हकिगत सर्वश्रुत आहे. तो निमित्तमात्र प्रसंग. मूळ कारण तेच जुने होते: आसने कोणाची आणि ती वाटावयाची कोणी.

फेब्रुवारी १९७३ मध्ये ब्रेबॉर्नवर इंग्लंडविरुद्ध सामना झाला. आधीच्या कसोटीतून सलीम दुराणींना वगळले म्हणून मुंबईत ‘दुराणी नाही तर कसोटी नाही’ असे फलक लागले, निवड समितीला लोकेच्छेपुढे नमते घ्यावे लागले आणि दुराणींनी ७३ धावा करून लोकांचा शब्द राखला. फारुख इंजिनियर व विश्वनाथ यांची शतके झाली, आणि लहानखुऱ्या विश्वनाथला धिप्पाड टोनी ग्रेगने कडेवर उचलून घेतल्याचे दृश्य लोकांनी डोळे भरून पाहिले. वाडेकरांच्या संघाने मालिका जिंकली. ब्रेबॉर्नवर यापुढे छत्तीस वर्षे कसोटी सामना होणार नाही, ही शंकाही तेव्हा कोणाला नव्हती.

शशी प्रभू या तरुण मराठी वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार वानखेडे स्टेडियम वर्षसव्वावर्षात उभे राहिले, आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सुरू झाली. ब्रेबॉर्नवर पदार्पण केलेल्या लॉइडनेच आता कर्णधार म्हणून नाबाद २४२ धावा काढून नव्या मैदानाची नांदी केली. त्याचे अभिनंदन करावयास धावलेल्या एका चाहत्याला पोलिसांनी मारले, आणि नव्या स्टेडियमनेही पहिल्याच सामन्यात दंगल आणि आग पाहिली. धनी बदलला, परंतु प्रेक्षकाला मैदानाच्या कुंपणाशी ज्या नजरेने पाहिले जाते ती नजर बदलली नाही, याचा तो सज्जड पुरावा होता.

उत्तरायुष्य

पुढे मुंबईच्या क्रिकेटचे थोर क्षण वानखेडेवर घडले. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषक तेथे जिंकला गेला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरने आपला दोनशेवा व अखेरचा सामना खेळून तेथेच निरोप घेतला. ब्रेबॉर्न मात्र नष्ट झाले नाही. क्लबाने कोवळ्या वयाच्या सचिनसाठी ड्रेसिंगरूममध्ये प्रवेशाचा आपला वयाचा नियम शिथिल केला होता, आणि त्याच सचिनने फेब्रुवारी १९९८ मध्ये मुंबईकडून खेळताना शेन वॉर्नसह आलेल्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध येथे नाबाद २०४ धावा करून ते ऋण सव्याज फेडले. २००६ मध्ये चँपियन्स करंडकाचा अंतिम सामना येथे झाला.

विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी चालू असल्याने डिसेंबर २००९ मध्ये श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नकडे आली. दुसऱ्या दिवशी वीरेंद्र सेहवाग नाबाद २८४ वर परतला. तिसऱ्या सकाळी २९३ वर मुरलीधरनने स्वतःच्याच गोलंदाजीवर त्याचा झेल घेतला. भारत एक डाव आणि २४ धावांनी जिंकला आणि कसोटी क्रमवारीत प्रथमच अग्रस्थानी पोचला. ज्या मैदानाने सहा धावांसाठी पहिला विजय हुकलेला पाहिला होता, त्याच्याच साक्षीने हे घडावे, यात काळाचा न्याय दिसतो.

आणखी एक न्याय या मैदानाने अलीकडे केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये महिला विश्वचषकाचा अंतिम सामना आणि मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना ब्रेबॉर्नवर झाला. ज्यांना भारतीय क्रिकेटच्या दाराशी सर्वांत दीर्घकाळ थांबावे लागले, त्या स्त्री-खेळाडूंना या जुन्या वास्तूने मानाचे पान दिले.

हक्कनोंद

या सर्व हकिगतीतून एक गोष्ट निर्विवाद निघते. एस्प्लनेडवर पोलो विरुद्ध क्रिकेट, १९३७ साली क्लब विरुद्ध जिमखाना, १९७३ साली क्लब विरुद्ध असोसिएशन, अशी भांडणे झाली ती संस्थांमध्ये. आसनांचे वाटे पडले ते संस्थांना. जो माणूस कोणत्याही क्लबाचा सभासद नाही, कोणत्याही संलग्न संघाचा पदाधिकारी नाही, ज्याने रांगेत उभे राहून, डबा बांधून आणून, पाच दिवस उन्हात बसून हजाऱ्यांना आणि बोर्ड्यांना दाद दिली, तो या तडजोडींत कधीच पक्षकार नव्हता. आणि तरीही ब्रेबॉर्नला जे मोठेपण आले ते साडेतेरा रुपये वारी दराच्या खरेदीखताने आले नाही. या बेनामी माणसाच्या वहिवाटीने आले. तो येईनासा झाला तेव्हा तीच वास्तू, तीच हिरवळ आणि तेच पॅव्हिलियन असूनही मैदानाचे तेज कमी झाले.

म्हणून मैदानांच्या धन्यांकडे, मग तो क्लब असो, असोसिएशन असो वा नियामक मंडळ असो, मागणे एवढेच आहे. सामन्याची आसने वाटण्यास बसाल तेव्हा मानकऱ्यांची यादी हाती घेण्यापूर्वी सामान्य प्रेक्षकाचा आणि शाळकरी मुलांचा वाटा प्रथम काढून ठेवा, तो परवडणाऱ्या दरात उघडपणे विका, आणि उरेल ते आपसांत वाटा. रणजीच्या सामन्यांना आणि स्त्रियांच्या सामन्यांना दरवाजे सताड उघडे राहू द्या. ज्या समाजाने समुद्र हटवून क्रिकेटसाठी जमीन काढली, त्याला आपल्याच मुलांसाठी त्या जमिनीवर बसण्याची जागा काढणे अशक्य नाही. आणि ती काढली गेली, तर एका मैलात चौथे मैदान बांधण्याची पाळी या शहरावर येणार नाही.